'बॉश' : मालिका आधी बघून झाली, आता पुस्तकं कुठून सुरू करू?

अवनी_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

'बॉश' या लॉस एंजेलिसच्या पोलीस डिटेक्टिव्हवरच्या अमेरिकन मालिकेचे सातही सीझन गेल्या आठवड्यात संपवले. ६८ भाग. रात्री ओटा आवरला, मुलगी झोपली की कानात इअरफोन घालून एक भाग, कधी दोन. बॉश झालेल्या टायटस वेलिव्हरचा तो न हसणारा चेहरा, डोंगराच्या कडेला खांबांवर उभं असलेलं काचेचं घर, खाली पसरलेले लॉस एंजेलिसचे दिवे. शेवटचा भाग संपला तेव्हा वर्षानुवर्षांचे शेजारी बिऱ्हाड हलवून गेल्यासारखं वाटलं.

म्हणून मायकल कॉनलीच्या मूळ पुस्तकांकडे वळले. आधी एकही वाचलेलं नव्हतं. वाचनालयात 'द लास्ट कायोटी' मिळालं, १९९५ चं. दुसऱ्या सीझनमध्ये यातलं बरंच घेतलंय एवढं ठाऊक होतं, त्यामुळे ओळखीच्या गल्लीत शिरतोय असं वाटलं होतं. पण पहिल्या चार प्रकरणांतच मी हरवले!

मॅडी कुठेच नाही. बॉशला मुलगी आहे याचा मागमूससुद्धा नाही. १९९४ च्या भूकंपात त्याचं घर राहण्यालायक उरलेलं नाही, पाडायचा हुकूम निघालाय, तरी हा तिथंच चोरून राहतोय. साहेबाला काचेतून ढकलल्याबद्दल सक्तीच्या रजेवर आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर जाऊन बसावं लागतंय. मालिकेत आईचा खून १९७९ मधला, इथे १९६१ मधला. मालिकेत तो आखाती युद्धातला सैनिक, इथे व्हिएतनाममधला. आणि खात्यातला बडा साहेब अर्विन अर्विंग चक्क गोरा, तुळतुळीत डोक्याचा. माझ्या डोळ्यांसमोर मालिकेतला लान्स रेडिक इतका पक्का बसलाय की संवाद त्याच्याच आवाजात ऐकू येतात, मग पुढच्या वाक्याला ठेच लागते.

पुस्तक आवडत नाहीये असं नाही. उलट रात्री बाजूला ठेवलं तरी मनात राहतं. पण हा तोच माणूस आहे का? मालिकेच्या क्रमानं वाचू, की पहिल्यापासून? आणि ज्यांनी दोन्ही केलंय त्यांना काय वाटतं, मालिकेनं पुस्तकांचं काय केलं?

पुस्तकवाला_नाशिक

पहिल्यापासून वाचा. 'द ब्लॅक एको' (१९९२), 'द ब्लॅक आइस', 'द काँक्रीट ब्लाँड' आणि मग तुमच्या हातातलं 'द लास्ट कायोटी'. ही चार ओळीनं झाली की पुढे थोडं इकडेतिकडे चालतं.

मालिकेच्या क्रमानं वाचायचं म्हटलं तर डोकं फिरेल. पहिल्याच सीझनमध्ये तीन पुस्तकं एकत्र कालवली आहेत : 'सिटी ऑफ बोन्स' (२००२), 'एको पार्क' (२००६) आणि 'द काँक्रीट ब्लाँड' (१९९४). पहिलं पुस्तक थेट तिसऱ्या सीझनमध्ये येतं. आणखी एक. पुस्तकांत मिकी हॉलर नावाचा वकील बॉशचा सावत्र भाऊ आहे, बाप एक, आया वेगळ्या. मालिकेत तो दिसणार नाही, कारण हॉलरची मालिका नेटफ्लिक्सवर आहे आणि बॉश अ‍ॅमेझॉनकडे. भावाभावांची ताटातूट हक्कांच्या करारात झालीय. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुस्तकांत ते दोघं समोरासमोर येतात तेव्हा फार छान जमतं.

निवृत्त_रायटर

अवनीताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस त्यावरच विचार करतोय. जरा लांब लिहितो.

मी पोलीस खात्यात चौतीस वर्षं होतो. पाच वर्षं एका तालुक्याच्या ठाण्यात मुद्देमाल कारकून, आणि पुढची बहुतेक नोकरी रायटर म्हणून. बाहेरच्या लोकांना हा शब्द माहीत नसतो. तपास साहेबांच्या नावावर असतो, पण जबाब उतरवून घेणं, पंचनामा लिहिणं, केस डायरी रोजच्या रोज पुरी करणं, दोषारोपपत्राची पानं लावणं हे ज्या हवालदाराच्या हातून होतं तो रायटर. निवृत्तीनंतर मुलाच्या खोलीत 'सिटी ऑफ बोन्स' सापडलं. इंग्रजी बेताचं, शेजारी शब्दकोश ठेवून दोन महिन्यांत संपवलं. कुत्र्यानं तोंडात धरून आणलेलं एका लहान मुलाचं हाड, वीस वर्षं जुनं, आणि त्यावरून सुरू झालेला तपास. त्यानंतर मी थांबलो नाही. मालिका नंतर पाहिली, मुलानं लावून दिली म्हणून.

पुस्तकांत मला धरून ठेवलं ते त्या निळ्या फाइलनं. तिकडे तिला 'मर्डर बुक' म्हणतात. प्रत्येक खुनाची एक जाड निळी फाइल. घटनास्थळाचे फोटो, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि एक क्रमवार नोंद : कोण किती वाजता कुठे गेलं, कुणाला फोन केला, कुणी उचलला नाही. आपल्याकडची केस डायरी म्हणजे जवळपास हीच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७२, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९२. डायरी बांधीव असावी आणि पानांवर क्रमांक असावेत असं कायद्यातच लिहिलंय. सुटं पान काढता येतं आणि सुटं पान घालताही येतं, म्हणून.

पुस्तकातला बॉश काय करतो? वाचतो. अडलं की फाइल पहिल्या पानापासून पुन्हा वाचतो. रात्री घरी आणतो, गच्चीत बसतो, आत कुणाचा तरी सॅक्सोफोन लावलेला असतो, फ्रँक मॉर्गन किंवा आर्ट पेपर, आणि तो वाचत राहतो. कॉनली स्वतः लॉस एंजेलिस टाइम्समध्ये गुन्हेगारीच्या बातम्या लिहायचा, त्याला कागदाचं महत्त्व ठाऊक आहे. एखादी ओळ पहिल्या वाचनात साधी वाटते, आणि तीच ओळ चौथ्या वाचनात उठून बसते. या माणसाचे अर्धे गुन्हे खुर्चीत बसून उलगडतात. पळापळ त्यानंतरची.

मालिकेत हे दोन सेकंदांत उरकतं. फाइल उघडली, पान उलटलं, संगीत, पुढचा प्रसंग. मी मालिकेला दोष देत नाही. वाचत बसलेला माणूस कॅमेऱ्यानं दाखवायचा तरी किती? म्हणून त्यांनी ते वाचन संवादात वाटून टाकलं. पुस्तकात जे बॉशच्या मनात चालतं ते पडद्यावर तो जोडीदार एडगरला गाडीत सांगतो, वरिष्ठ बिलेट्सबाईंना केबिनमध्ये सांगतो. गोष्ट तीच पोचते. पण एकटा माणूस आणि मेलेल्याची फाइल, एवढंच जे पुस्तकात असतं, ते राहत नाही.

मला ते का लागतं ते सांगतो. माझ्या ठाण्यात एका विहिरीतल्या बाईची अकस्मात मृत्यूची फाइल होती. अनोळखी. फुगलेलं प्रेत, ओळख पटेना, कागद बासनात गेले. चार वर्षांनी मी बदलून तिथं आलो आणि जुन्या फायली लावताना तो मरणोत्तर पंचनामा वाचला. घाईत लिहिलेला होता, तरी कुण्या हवालदारानं एक ओळ नेटकी लिहिली होती : 'उजव्या मनगटाचे आतील बाजूस सुमन असे गोंदलेले, मधले अक्षर पुसट.' वायरलेसवर जो संदेश गेला होता त्यात 'हातावर सुनंदा असे गोंदलेले' असं पडलं होतं. कुणी कुठं चुकलं ते आता सांगता येणार नाही. मी शेजारच्या जिल्ह्याच्या मिसिंगच्या नोंदी मागवल्या. सुमन होती. तिचा भाऊ चार वर्षं ठाण्याच्या खेपा घालत होता. तो आला, पंचनाम्यातल्या त्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. पुढं त्या फाइलचा गुन्हा झाला.

बॉशचं एक वाक्य आहे, पुस्तकांतही आणि मालिकेतही : सगळेच मोलाचे, नाहीतर कुणीच नाही. मालिकेत ते चांगलं म्हटलंय. पण पुस्तकात तो ते फारसं बोलत नाही, वाचून दाखवून देतो.

आता तुमचा प्रश्न, हा तोच माणूस का. पुस्तकातला बॉश १९५० चा जन्मलेला आहे आणि आपल्यासारखाच दर वर्षी म्हातारा होत जातो. व्हिएतनाममध्ये भुयारांत उतरून शत्रूला शोधायचं काम होतं त्याचं. 'ब्लॅक एको' हे नावच त्या भुयारातल्या अंधाराचं आहे. पहिल्या पुस्तकात शहराच्या पावसाळी गटारांतून भुयार खणून बँक फोडलेली असते, म्हणजे ते भुयार वीसेक वर्षांनी त्याच्या गावात येतं. मालिकेला २०१५ मध्ये पन्नाशीतला नायक हवा, म्हणून व्हिएतनाम गेलं आणि आखाती युद्ध आलं. हिशेबानं बरोबर. पण त्या गोष्टीचा कणा व्हिएतनामचा होता, तो काढल्यावर तिसऱ्या सीझनमध्ये त्याच्या युद्धातल्या जुन्या सोबत्याचा, मेडोजचा खून नुसता एक खून उरतो.

मुलगीही तशीच. पुस्तकांत तो 'लॉस्ट लाइट'च्या शेवटी, २००३ मध्ये, पहिल्यांदा मुलीला भेटतो. नऊ पुस्तकं तुम्ही त्याच्याबरोबर एकट्यानं काढलेली असतात आणि मग ते पान येतं. मालिकेत मॅडी पहिल्यापासून आहे, गोड आहे, पुढे पोलिसात जाते, तिचं काम त्या मुलीनं सुंदर केलंय. पण ते पान मालिकेला मिळणं शक्यच नव्हतं.

आणि 'द ओव्हरलुक' घ्या. २००७ चं छोटं पुस्तक, त्यात किरणोत्सारी सीझियमची चोरी आहे. मालिकेत हा सहावा सीझन. सीझन संपला, सीझियम संपलं. पुस्तकांत मात्र २०१९ च्या 'द नाइट फायर'मध्ये बॉशला रक्ताचा कर्करोग निघतो आणि बोट त्या जुन्या केसकडे जातं. बारा वर्षांनी! ते वाचताना मी उठून कपाटातून जुनं पुस्तक काढलं आणि ते प्रकरण पुन्हा वाचलं.

म्हणून मला वाटतं ते असं. मालिकेत प्रत्येक पान खऱ्या फाइलमधलंच आहे, पण शिवण उसवून पानं नव्या क्रमानं लावली आहेत. नव्या फाइलचीही केस उभी राहते, नाही असं नाही. पण रायटर म्हणून माझा हात पानाच्या कोपऱ्यातल्या क्रमांकाकडे जातोच.

मीरा_एलए

रायटरकाका, तुमची सुमनची गोष्ट वाचून गलबलून आलं. पण मालिकेची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून लिहिते.

मी अकरा वर्षं इथं बरबँकला आहे. कामावर जाताना रोज काहुएंगा पास लागतो, आणि पुस्तकातलं बॉशचं घर त्याच्याच वरच्या अंगाला, वुड्रो विल्सन ड्राइव्हवर आहे. या मालिकेनं शहर खोटं केलं नाही. चौथ्या सीझनमधली 'एंजल्स फ्लाइट' बघा. हॉलिवूडवाल्यांना स्टुडिओत नकली डबा उभारणं काही अवघड नव्हतं. पण ती रेल्वे खरी आहे, डाउनटाउनच्या टेकडीवर चढणारी, जेमतेम तीनशे फुटांची. सिनाय आणि ऑलिव्हेट नावाचे दोन केशरी-काळे डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. कॉनलीनं १९९९ मध्ये त्याच नावाच्या पुस्तकात तिच्यावर खून घातला. नंतर २००१ मध्ये तिथं खरा अपघात होऊन एक माणूस गेला, बरीच वर्षं ती बंद पडली, २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१८ मध्ये हा सीझन आला. माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. आतल्या लाकडी बाकांच्या पायऱ्या असतात, प्रवासी एकमेकांकडे तिरके बघत बसतात. आई म्हणाली, 'इथं कुणी कुणाला मारलं तर दडायचं कुठं?' तेवढ्या एका वाक्यात तिनं सगळं पुस्तक सांगितलं.

आता माणसं. पुस्तकांत बाकीचे सगळे बॉशच्या नजरेतून दिसतात, त्यामुळे जेरी एडगर म्हणजे उशिरा येणारा, फावल्या वेळात घरं विकणारा जोडीदार. मालिकेत जेमी हेक्टरनं त्याला हैतीची मुळं दिली, स्वतःचं ओझं दिलं. सहाव्या सीझननंतर तो मला बॉशइतकाच जवळचा वाटायला लागला. क्रेट आणि बॅरल ही म्हाताऱ्या डिटेक्टिव्हांची जोडी घ्या. काका, तुम्हाला तर ते दोघं आवडायला हवेत, कागदं चाळणारे तेच आहेत तिथं!

आणि हनी चँडलर. (अवनी, 'द काँक्रीट ब्लाँड' वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोड.) पुस्तकात ती बॉशविरुद्ध कोर्टात उभी राहते, त्याला उभा-आडवा सोलते, आणि त्याच पुस्तकात मारली जाते. १९९४ मध्ये कॉनलीनं तिला संपवलं. मालिकेनं तिला जगू दिलं, आणि मिमी रॉजर्सनं त्या बाईचं असं काही केलं की 'बॉश : लेगसी' या पुढच्या मालिकेत ती बरोबरीच्या तिघांपैकी एक झाली. कॉनली स्वतः या मालिकेचा निर्माता आहे. लेखकाला वीस वर्षांनी आपल्याच पात्राला दुसरा जन्म द्यायला मिळाला, हे मला फार मोठं वाटतं. इथं पानांचा क्रम मोडला म्हणूनच हे झालं ना, काका?

निवृत्त_रायटर

मीराताई, चँडलरबाईंचं मान्य. पूर्ण मान्य. पुस्तकात त्या गेल्या तेव्हा मला पुढचे काही दिवस वाचवलं नाही. त्यांना मालिकेत कोर्टात उभं पाहिलं तेव्हा बरं वाटलं, हे खरंच. आणि क्रेट-बॅरलही आवडतात. असे दोन हवालदार प्रत्येक ठाण्यात असतात, त्यांना कुठली जुनी फाइल कुठल्या रॅकवर आहे ते डोळे मिटून सांगता येतं.

अवनी_डोंबिवली

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काका, मी रात्री 'लास्ट कायोटी' परत पहिल्या पानापासून सुरू केलं. एकच विचारते. असं एखादं पुस्तक आहे का जिथं मालिकाही तुम्हाला तितकीच पटली?

निवृत्त_रायटर

आहे. 'टू काइंड्स ऑफ ट्रुथ', २०१७ चं. मालिकेत पाचवा सीझन.

पुस्तकात तोवर बॉश लॉस एंजेलिसच्या खात्यातून बाहेर पडलेला आहे. सॅन फर्नांडो नावाच्या लहान शहरात, बंद पडलेल्या जुन्या तुरुंगाच्या कोठडीत बसून बिनपगारी जुन्या केसेस वाचतो. वयस्क माणूस, कोठडी आणि फायली. माझं सगळ्यात आवडतं चित्र हेच. मालिकेत तो अजून हॉलिवूडच्याच ठाण्यात आहे, त्यामुळे कोठडी गेली. पण नशेच्या गोळ्यांच्या धंद्याचा तपास, त्यासाठी बॉशचं वेष पालटून व्यसनी म्हातारा होऊन टोळीत शिरणं, हे पडद्यावर पुस्तकाइतकंच अंगावर येतं. वेलिव्हरची चालसुद्धा बदलते.

आणि त्यातली दुसरी गोष्ट माझ्या जुन्या खोलीची आहे. तीस वर्षांपूर्वी बॉशनं पकडलेला, फाशीच्या कोठडीतला कैदी म्हणतो, पुरावा पेरला होता. मुद्देमालाची पेटी उघडतात, तर आत खरोखरच त्याच्या बाजूचा नवा पुरावा निघतो. पेटीवरचं सील शाबूत. तर मग आत गेलं काय आणि कसं? पुढचं सांगत नाही.

मी पाच वर्षं सील लावली आहेत. कापडात मुद्देमाल बांधायचा, दोरा आवळायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत-बाहेर घालायची, मेणबत्तीवर लाख वितळवून गाठीवर थेंब पाडायचे आणि गार व्हायच्या आत पितळी शिक्का दाबायचा. घाई केली तर अक्षरं फिसकटतात, उशीर केला तर लाख तडकते. कोर्टात वकील पहिला प्रश्न सीलचा विचारतात आणि तुम्ही कितीही खरं बोललात तरी त्या क्षणी घसा कोरडा पडतो. तिकडे लाखेच्या जागी चिकटपट्टी असते, एवढाच फरक. बॉश त्या पेटीचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघतो ते वाचताना माझे हात आपोआप गुडघ्यावर घट्ट झाले होते. मालिकेतही तेच झालं, म्हणून म्हणतो तिथं दोघं बरोबरीला आले.

पण ते पुढं. तुम्ही आत्ता 'लास्ट कायोटी'मध्ये आहात. त्यात तो आईची फाइल अर्काइव्हमधून सोडवून आणतो. १९६१ ची, आणि इतक्या वर्षांत धड कुणी हात न लावलेली. स्वतःच्या आईचा मर्डर बुक, आणि वाचणारा तिचा मुलगा, तोही पोलीस. फाइल किती पातळ आहे, कुठला जबाब असायला हवा होता आणि नाही, हे तो कसं टिपतो ते बघा. ते फोटो समोर घेणं त्याला किती जड जातं तेही बघा. मी ते प्रकरण तीनदा वाचलंय. मुलगी झोपल्यावर वाचा, आणि झालं की इथं लिहा.